गुळव्याच्या घरातली लोखंडी कढई

मंगलताईंचं नाव आधी घेते, मग काय झालं ते सांगते. उलटं सांगायला गेले तर माझंच रडगाणं मोठं होऊन बसेल आणि त्या राहून जातील. मंगलताई म्हणजे आमच्या गावच्या आशाताई. घरोघर फिरून गरोदर बायांची नावं लिहून घेणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या, दवाखान्यात बरोबर येणाऱ्या. खांद्याला कापडी पिशवी, टाचांना भेगा, आणि आवाज असा की त्यांनी आमच्या दारात हाक मारली तर तिसऱ्या घरातली म्हैस मान वर करते. माझी मुलगी गौरी आत्ता अंगणात पळते आहे आणि मी धडधाकट बसून हे लिहिते आहे. ही दोन्ही कामं त्यांची.

लिहायला आजच बसले, कारण परवा यंदाचं गुऱ्हाळ पेटलं.

गुऱ्हाळ आमच्या घरापासनं दोन शेतं टाकून आहे. पहिल्या दिवशी नुसता ओल्या चिपाडाचा वास येतो, हिरवट, थोडा आंबूस. मग काहिलीतला, म्हणजे त्या भल्या मोठ्या लोखंडी कढईतला, रस तापतो आणि वास बदलत जातो. आधी उकडलेल्या कणसासारखा, मग दुधाच्या खरवडीसारखा, आणि गूळ व्हायच्या जरा आधी असा काही येतो की जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा भूक लागावी. रस्त्यानं बिद्रीच्या कारखान्याकडं उसाच्या गाड्या चाललेल्या असतात, मागं पोरं ऊस ओढायला पळत असतात. माणसं एकमेकांना म्हणतात, "सीझन लागला की!" सगळ्यांचे चेहरे उजळलेले. मी मात्र अजून तिकडची खिडकी लावून घेते. मध्ये इतके हिवाळे गेले तरी.

काल गौरी उसाच्या कांडक्याला गरम गूळ लावून चाटत आली. हनुवटीपर्यंत ओघळ. "आई, तू घे," म्हणाली. मी बोटाला लागेल एवढा घेतला. आवडतो मला गूळ. तेच तर सगळं होतं.

मी मूळची इकडची नाही. माझं माहेर लातूरकडं. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि आमच्या आळीतनं जाणारी मी एकटीच. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलंच नाही. माहेरी गूळ दुकानातनं कागदात बांधून यायचा, पाव किलो, आणि तो आई वरच्या फळीवर ठेवायची. लग्न होऊन इथं आले तर घरात गुळाच्या ढेपा भिंतीला लावून ठेवलेल्या. पाणी मागितलं की आधी गुळाचा खडा हातात. माझे मालक शिवा हे गुळव्या आहेत, म्हणजे काहिलीतला रस कधी गूळ झाला हे सांगणारा माणूस. पाच-सहा गावांत त्यांना बोलावतात. ते काहिलीजवळ नुसते उभे राहतात, बुडबुड्यांचा आवाज ऐकतात, पळीभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवतात आणि म्हणतात, "उतरा." तो एक शब्द चुकला तर दिवसभराचं काम वाया.

इथली बोली कानाला बसायलाही वेळ गेला. इकडं सासूला आत्ती म्हणतात. बायाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. पहिल्या दिवशी आत्ती म्हणाल्या, "मी भाकरी करतो, तू बस," तर मी मागं वळून कोण पुरुष बोलला ते बघितलं. अजून हसतात त्यावरनं.

गौरीच्या वेळी, दसऱ्याच्या सुमाराला मला चौथा महिना होता. जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. नखं कागदासारखी झाली होती. मंगलताईंनी बोटातनं रक्त काढून तपासायला नेलं आणि आकडा सांगितला. आठ. अकराच्या वर पाहिजे होतं.

हा आकडा ऐकून मला काय झालं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. माझी धाकटी मावशी बाळंतपणात गेली. मी सहा-सात वर्षांची असेन. घरात त्याबद्दल एवढंच बोललं जायचं की रक्त कमी होतं. लहानपणी मला वाटायचं, रक्त कमी म्हणजे घागरीत पाणी कमी असतं तसं असावं. मग कुणी भरलं का नाही? आता माझीच घागर रिकामी निघाली होती, आणि आई दिवसभराच्या प्रवासाएवढी लांब.

आत्तींना वेगळीच लाज वाटली. "गुळव्याच्या घरात रक्त न्हाई? लोकं तोंडात शेण घालतील की!"

गावानं मग उपाय सांगायला सुरुवात केली. कोल्हापुरात माणूस आजारी पडला की पहिला उपाय मटणाचा. शेजारच्या वयनी म्हणाल्या, "पांढरा रस्सा पी दोन वाट्या. रक्त नुसतं उसळतंय बघ."

"आम्ही खात नाही हो, वयनी."

"मग आळणी पी. मटण शिजल्यालं पाणी नुसतं. त्यात काय हाय? पाणीच की!"

आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, गळ्यात लिंग आहे. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा उरला गूळ. आणि गुळाबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. गूळ म्हणजे रक्त, हे इथलं लहान पोरसुद्धा सांगतं. मालकांना तर अभिमान. म्हणाले, "काहिल लोखंडाची, गूळ अडीच तास त्यात शिजतोय. लोह यायचंच की त्यात. तू फक्त खा."

मी खाल्ला. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं आणि माझं औषध सुरू झालं. सकाळी भाकरीबरोबर वाटीभर काकवी. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पातळ पाक, मधासारखा, पण मधापेक्षा करपूस. दुपारी गुऱ्हाळावर भाकरी घेऊन जायचे तेव्हा कामावरची माणसं पळीभर गरम गूळ पळसाच्या पानावर घालून द्यायची. "घ्या वयनी, रक्त घ्या." जेवण झालं की लोहाची गोळी. ती आत्ती स्वतः हातावर ठेवायच्या, वर पेलाभर कोमट दूध, वर गुळाचा खडा. त्यानंतर लगेच चहा, कारण जेवल्यावर चहा घेतला नाही तर आमच्याकडं जेवण झालं असं कुणी धरत नाही. चहाही गुळाचा. साखरेचा डबा आत्तींनी त्या दिवसांत माळ्यावर टाकला होता. विकतचं पांढरं पोटातल्या बाळाला नको म्हणून.

आणि आवडत होतं, हे कबूल करते. माहेरी वरच्या फळीवर असलेली वस्तू इथं औषध म्हणून सगळे तोंडात घालत होते. मला वाटायचं, एवढी माया कुणाला मिळते?

आईचा फोन यायचा. "खायलीस का गं येळेवर?"

"खायलेय की."

"गूळ खायलीस? जावयाच्या घरचा हाय म्हनून लाजू नको."

तिनं हळिवाचे लाडू करून एसटीच्या कंडक्टरकडं डबा पाठवला. हळीव, नारळ, गूळ. गूळ आमच्याच गुऱ्हाळाचा, मागच्या सीझनचा, दिवाळीला मालकांनी तिला पोचवलेला. इथला गूळ लातूरकडं जाऊन, आईचा हात लागून, परत माझ्याकडं आला. डबा उघडला तर वर एक चिठ्ठी. आईला लिहिता येत नाही, भावाकडनं लिहून घेतलेली. "रोज दोन खाणे."

मार्गशीर्षात मंगलताई मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. गारगोटीचा बाजारचा दिवस होता. एसटीत मेथीच्या पेंढ्या, कोंबड्या आणि माणसं एकत्र. दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि दोन तास बसवून ठेवलं. मग रक्त घेतलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. कागद बघून म्हणाल्या, "रक्त तेवढंच आहे. आठ पॉइंट दोन. आणि साखर वाढली आहे. एकशे चौसष्ट. गोड फार खाता?"

मी म्हणाले, "नाही मॅडम. गोड नाही खात."

खोटं नव्हते बोलत. लाडू, जिलेबी, पेढा, यांतलं काही मी खात नव्हते. गूळ माझ्या हिशोबी गोळ्यांच्या बाजूला होता.

डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. रक्त कमी राहिलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी मला सोसणार नाही. साखर वाढलेली राहिली तर बाळाला त्रास होईल, बाळंतपणही अवघड होईल. खाण्यानं जमलं नाही तर इंजेक्शनं घ्यावी लागतील. रक्त वाढलंच नाही तर कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात पाठवतील, तिथं रक्त चढवतील. त्या बोलत होत्या आणि मला मावशीची हिरवी चोळी दिसत होती. बाकी तिचं काहीच मला आठवत नाही, चोळी तेवढी आठवते.

परत येताना एसटीत मंगलताई माझ्या कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, येऊन बसल्या. त्या नेहमी सोप्यावरच बसायच्या. त्या बौद्ध, आम्ही हे असे. त्यांना आत या असं कुणी म्हणालेलं नव्हतं, आणि का म्हणत नाही हेही कुणी कधी बोललेलं नव्हतं.

"हां, आता सांग," त्या म्हणाल्या. "उठल्यापास्नं झोपस्तवर काय काय खातीस. खाल्लेलं ऱ्हाऊ दे, चाटल्यालं पण सांग."

मी सांगत गेले. काकवी म्हणाले तेव्हा त्यांनी भुवई वर केली. पळसाच्या पानाला आल्यावर पिशवी खाली ठेवली. दूध, खडा, चहा, लाडू. सगळं झाल्यावर त्या आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या, "काकूऽ, शिवाची बायको मुंग्यांनी उचलून न्यायची तेवढी बाकी हाय!"

आत्ती पदर खोचत बाहेर आल्या. "अगं मंगल, गूळ म्हंजे काय पेढा हाय व्हय? रक्ताला चांगला असतोय. आमचा तर पावडर-औषध न घातल्याला."

"असंल की काकू. जरासं लोह असंल त्यात. पण त्या चिमूटभरासाठी ही वाटीभर गोड गिळाय लागलीय. पोटातलं लेकरू पण तेच प्यालंय. आणि गोळी दुधासंगं, वर चहा! दुधानं आन् चहानं गोळी अंगालाच लागत न्हाय. गोळी येती आणि पावण्यासारखी चहा पिऊन निघून जाती."

आत्तींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. म्हणाल्या, "मग खायाचं तरी काय हिनं? तुमच्यासारखं आमच्यात चालत न्हाई."

तुमच्यासारखं. मी खाली बघितलं. मंगलताईंनी मात्र तो शब्द कपड्यावरची धूळ झटकावी तसा झटकला. "मी कुठं म्हटलं मटण घाला? ज्याचं त्याचं ताट. हिच्या ताटात जे बसतंय त्यातनंच भागवायचं. भागतंय. मी बघतो कसं भागत न्हाई ते."

गावात तेवढ्या एकट्या मला आळणी पी म्हणाल्या नाहीत. हे मी कधी विसरणार नाही.

मग त्या गुऱ्हाळावर गेल्या, मालकांना सांगायला. मी मागनं भाकरी घेऊन गेले. मालकांना ऐकायचंच नव्हतं. ते काहिलीवरची मळी झाऱ्यानं काढत होते. "मंगलाक्का, लोक मुंबईस्नं गाडी काढून माझा गूळ न्याला येत्यात. आणि माझ्याच बायकोनं सोडायचा?"

मंगलताई काहिलीखालच्या चुलवाणाच्या धगीतनं जरा मागं सरकल्या. "शिवा, एक सांग. गूळ टायमाच्या आधी उतरवला तर काय हुतंय?"

"बसत न्हाई. पाघळतोय."

"आणि जरा उशीर झाला तर?"

"करपतोय की."

"मग हिचं तसंच झालंय. एका बाजूला रक्त कमी, एका बाजूला साखर जास्त. एकाला जाळ घालाय गेलं तर दुसरं करपाय लागलंय. तुझ्याएवढं हे कुणाला कळणार?"

मालक काहिलीकडं बघायला लागले. झारा तसाच हातात. मग त्यांनी शेवटचं म्हणून काढलं, "पण काहिल लोखंडाची हाय, अक्का. त्यात शिजल्यालं..."

"व्हय!" मंगलताई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की ऊस घालणारा माणूस थांबला. "हे बोललास ते खरं. लोखंडात शिजल्यालं चांगलंच. मग गूळ कशाला? भाजीच शिजवू की लोखंडात! घरात लोखंडी कढई हाय का?"

नव्हती. होत्या त्या सगळ्या ॲल्युमिनियमच्या, आणि एक लग्नात आलेली काळी, न चिकटणारी.

दुसऱ्या दिवशी मंगलताई कढई घेऊन आल्या. पोत्यात गुंडाळलेली, जड, एका कानाची. दुसरा कान कधीतरी तुटलेला. सोप्यावर ठेवली तर फरशीवर ठण्ण आवाज झाला. "माझ्या आईची," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं माळ्यावर पडून हुती. काकू, यात कधी काय शिजलंच न्हाई असं खोटं मी सांगणार न्हाय. पण लोखंड हाय. जाळ लागला की मागचं सगळं जातंय."

आत्ती "बरं" म्हणाल्या. चहा दिला. मंगलताई गेल्यावर कढई परसात नेऊन पेरूच्या झाडाखाली ठेवली. उचलताना पोतं हाताला लावून उचलली, ते मी बघितलं.

ती तिथंच राहिली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी रोज धुणं वाळत घालताना तिच्याकडं बघायचे. तिच्यात पेरूची पानं पडली, एकदा कोंबडी बसली. मला वाटायचं, आपणच उचलावी. पण नवी सून, परकं गाव, आठवी शिकलेली. मी कुणाला काय सांगणार? बाकीचं सगळं मात्र मी पाळलं. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. जेवणाआधी आणि नंतर दीड-दोन तास चहा नाही. भात मूठभर, भाकरी जास्त. मटकी मोड आणून. जेवणात आवळ्याची फोड. जेवण झालं की बांधापर्यंत चालून यायचं. मंगलताईंनी एक वही दिली आणि म्हणाल्या, खाल्लेलं रोज लिहायचं. शाळा सुटल्यापासनं मी पेन धरलं नव्हतं. पहिल्या दिवशी "भाकरी" हा एक शब्द तीनदा खोडून लिहिला. तीच सवय पुढं वाढत वाढत इथपर्यंत आली.

आईच्या लाडवांचं काय करायचं ते मात्र वहीत लिहिता आलं नाही. डबा अर्धा भरलेला होता. रोज झाकण उघडायचे, वास घ्यायचे, लावायचे. त्या वासात आमचं लातूरकडचं स्वयंपाकघर होतं, आईची किसणी होती. शेवटी एका दुपारी सगळे लाडू गुऱ्हाळावर नेऊन वाटले. माणसांनी मिटक्या मारत खाल्ले. संध्याकाळी आईचा फोन.

"लाडू संपले का?"

"संपले."

"आनखी करून धाडू?"

मी म्हणाले, "आई, नुसते हळीव धाड. कोरडे." मग रडू आलं आणि सगळंच सांगून टाकलं. आई म्हणाली, "मावशीला असं सांगणारं कुणी नव्हतं बघ." त्या दिवसापासनं हळीव लिंबू-पाण्यात भिजवून खायला लागले. बुळबुळीत, बेचव. पण आईनं धाडलेले.

पंधरा दिवसांनी साखर खाली आली होती. रक्त आठ पॉइंट पाच. डॉक्टर बाई म्हणाल्या, बरं आहे, पण दिवस कमी आहेत. घरी येऊन मी आकडा सांगितला. आत्ती तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "किती पायजे?"

"निदान दहा."

सूप तसंच ठेवून त्या परसात गेल्या. कढई उचलली, पानं झटकली आणि या वेळी पोतंबितं काही न घेता डोक्यावर घेऊन गुऱ्हाळाच्या वाटेला लागल्या. मालकांनी ती चुलवाणाच्या तोंडातनं सळीनं आत सरकवली. गुऱ्हाळाचा जाळ घरच्या चुलीसारखा नसतो, त्यात दगड लाल होतो. कढई बाहेर काढली तेव्हा तिचा रंग उगवत्या सूर्यासारखा होता. निवल्यावर आत्तींनी ती राखेनं घासली, वाळूनं घासली, तेल लावून पुन्हा तापवली. सगळं करून म्हणाल्या, "आता झाली."

कशापासनं शुद्ध झाली, ते मी विचारलं नाही. कळलं होतं मला. वाईटही वाटलं होतं. पण त्याच संध्याकाळी त्या बाईनं, आपलं आयुष्यभराचं मन बाजूला सारून, त्या कढईत हरभऱ्याचा कोवळा पाला घातला. लसूण, मिरची, वर दाण्याचं कूट. भाजी काळपट झाली. चव जरा तुरट, धातूची. आत्तींनी वर लिंबू पिळलं आणि माझ्या ताटात वाढली. "खा. मंगल विचारंल."

मग पौष-माघ असेच गेले. चाकवत, पोकळा, शेपू, कारळ्याची चटणी. संक्रांतीला सगळं गाव तिळगूळ घेऊन दारात, आणि मंगलताई आल्या त्या हातावर नुसते भाजलेले काळे तीळ घेऊन. "तीळ घे, गूळ ठेव, तरी गोड बोल!" मालक गुऱ्हाळावरनं यायचे तेव्हा कपड्यांना गुळाचा वास. दारात हात-पाय धुऊन सदरा बाहेरच काढून ठेवायचे, मला खावंसं वाटू नये म्हणून. त्यांनी कामावरच्या माणसांना सांगितलं होतं, वयनी आल्या तर पान पुढं करायचं नाही. एकानं चुकून केलं तर त्याला म्हणाले, "तिला ऊस पण दाखवू नगंस." कधी कधी मला त्याचाही राग यायचा. खायचंच काढून घेतलं की माणसाला परकं वाटायला लागतं.

माघाच्या शेवटी रक्त नऊ पॉइंट सहा. शिमग्याच्या आधी दहा पॉइंट आठ. कढईनं किती वाढलं आणि गोळीनं किती, देव जाणे. डॉक्टर बाई म्हणाल्या, जास्त गोळीनंच. पण गोळी नीट लागली ती खाण्यानं. आत्ती अजून कढईचंच नाव घेतात. शिमगा झाल्यावर चार दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यात गौरी झाली. पावणेतीन किलो. मला रक्त चढवावं लागलं नाही. खोलीबाहेर मंगलताई होत्या, पायांतली चप्पल काढून भिंतीला टेकून बसलेल्या. मालक पेढे घेऊन आले तर म्हणाल्या, "हिला देऊ नगंस. मला दे." आणि दोन खाल्ले.

हे सगळं मला परवा पुन्हा एका जागी आठवलं, कारण या महिन्यात मंगलताईंचीच तपासणी झाली. त्यांना साखर निघाली. सोप्यावर बसून स्वतःच हसत होत्या. "दुसऱ्याच्या भाकरीवर डोळा ठेवला, आन् माझ्या चहात घराघरात दोन-दोन चमचे पडत गेले. आशाताईला कोण न्हाई म्हणतंय चहाला?" मी त्यांच्यासमोर बसले. वही काढली. म्हणाले, "सांगा ताई. उठल्यापासनं झोपेपर्यंत. चाटलेलं पण."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "लय शहाणी झालीस की गं," म्हणाल्या. मग सांगायला लागल्या, आणि मी लिहून घेतलं.

मलाही दर वर्षी तपासून घ्यावं लागतं. एकदा वाढलेली साखर पुन्हा येऊ शकते म्हणतात. अजून ठीक आहे. पण आकडा येईपर्यंत मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसते. गौरीला मी गूळ खाऊ देते. चाटून झाला की बांधापर्यंत पळवते.

कढई अजून माझ्याकडंच आहे. दोनदा परत द्यायला काढली, दोनदा ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, वापर." शेजारचं भांडं आमच्याकडं रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर, गुळाचा खडा, काहीतरी घालून देतात. यांच्या भांड्यात मी काय घालू? दोन्ही त्यांना चालत नाही आता.

आणि खरं सांगायचं तर भांड्यापेक्षा मोठं एक राहिलंय. गौरी एवढी झाली तरी त्या अजून सोप्यावरच बसतात. आत्ती आता त्यांना पाठीला टेकायला उशी देतात, गुडघे विचारतात, पण आत या म्हणत नाहीत. आत्तींचं जाऊ दे, मीही म्हणालेले नाही. त्यांची कढई आमच्या चुलीवर पोचली, त्या पोचल्या नाहीत. ती जाळातनं काढून घेतली. त्यांना कुणी जाळातनं यायला सांगावं, अशी त्यांची काय चूक?

म्हणून लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस, हरभरा कोवळा असतानाच, मी मंगलताईंचा हात धरून त्यांना आत आणीन. आत्तींना विचारणार नाही, सांगेन. चुलीपाशी पाट मांडीन, याच कढईत पाला परतीन, वर लिंबू पिळीन आणि पहिलं ताट त्यांचं वाढीन. त्या जेवून उठल्या की उरलेली भाजी तशीच ठेवून, भरली कढई त्यांच्या हातात देईन. तोवर ती मी परत देणार नाही.